दोन बोटं जास्तीचं कापड

आमच्या घरात ठाम माणसं दोन. एक आमचे हे, शिंपी. यांनी घेतलेलं माप चुकलं असं म्हणायची कोणाची छाती नाही. दुसरी मी, इस्पितळाच्या कॅन्टीनची स्वयंपाकीण. रोज दोनशे माणसं माझ्या हातचं जेवतात आणि देवाच्या कृपेने अजून एकही ताट भरलेलं परत आलेलं नाही.

थोरला आधीच लांब. धाकटीही नोकरीला दूर गेली, आणि आठव्या दिवशी हे प्राण्यांच्या आश्रयघरातून एक कुत्रा घेऊन आले. नऊ वर्षांचा, तपकिरी, बरगड्या लांबूनही मोजाव्यात असा.

"अहो, दोन पोरं वाढवली, हौस फिटली नाही का?"

"तू नुसती बघ तर त्याच्याकडे."

तो घरातल्या शिलाई मशीनच्या पायाशी गोल गोल फिरला आणि वेटोळं करून बसला. बॉबिनवर दोरा गुंडाळावा तसा; म्हणून नाव पडलं बॉबिन.

यांनी लगेच जुन्या ब्लँकेटचा त्याला कोट शिवला. मी उलटून पाहिला, तर दोन्ही शिवणींत दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं.

"हे कशाला?"

"वाढत्या अंगाला ठेवावं लागतं."

"नऊ वर्षांचा आहे तो! आता काय शाळेत घालणार त्याला?"

हे ओशाळले. वीस वर्षं पोरांच्या कपड्यांत ठेवलं, हाताला तेच वळण. पण उसवलं मात्र नाही.

अडचण वेगळीच होती. आश्रयघराच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तीन आठवड्यांत दीड किलो वाढला पाहिजे. नाहीतर परत आणा, सलाईन लावावी लागेल. आणि तुमच्याकडे रुळला नाही असं समजू." बॉबिन तर वाटीला तोंड लावेना. मी वाटी धाकटीच्या खोलीत ठेवली होती, तिच्या पलंगाशेजारी; घरच्या पोराची हक्काची जागा. भात, उकडलेलं अंडं, कोंबडीचं पाणी, सगळं करून पाहिलं. तो हुंगायचा, बाहेर यायचा आणि जेवणाच्या टेबलाखाली बसून रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचा. पहिल्याच आठवड्यात वजन उलट पाव किलो उतरलं.

फोनवर धाकटी हसली. "आई, तुझ्या हातचं परत पाठवणारा भेटला म्हणायचा!"

मला ते लागलं. त्याहून जास्त लागलं ते यांच्याकडे बघून. कोट मांडीवर घेऊन हे ब्रशने केस काढत होते, जणू बॉबिन उद्याच निघणार.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये एक नवा वॉर्डबॉय आला, कोपऱ्यात एकटाच बसून ताट ढवळत राहिला. मी नेहमीसारखी त्याच्यासमोर जाऊन बसले, माझाही घास घेतला, तसा तो जेवू लागला. आणि मी कपाळावर हात मारला. पंचवीस वर्षं हे करतेय मी! आणि घरी? पोरं गेल्यापासून मी कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या खात होते, हे दुकानात मशीनवर डबा उघडत होते. टेबलाला माणूसच उरलं नव्हतं.

दुकानात फोन केला. "मशीन बंद करा आणि घरी या."

"गिऱ्हाईकाची पँट..."

"गिऱ्हाईक एक दिवस जुन्या पँटमध्ये जगेल."

दोन ताटं वाढली, बॉबिनची वाटी आमच्या पायांशी ठेवली. "देवा, तू दिलंस, आम्ही जेवतो," म्हणून पहिला घास घेतला. खालून चाटल्याचा आवाज आला. हे वाकून बघायला लागले.

"बघू नका हो, लाजेल तो. जेवा तुम्ही."

वाटी चाटूनपुसून लख्ख झाली. मी आणखी वाढलं. मग रोज संध्याकाळी सातला दुकान बंद.

तिसऱ्या शनिवारी काट्यावर बॉबिन उभा राहिला, तो एक किलो सातशे ग्रॅम वाढून. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली. "औषध कुठलं दिलंत?"

"आम्ही दोघं," मी म्हटलं.

महिन्याभराने कोट त्याच्या पोटावर बसेना. यांनी ब्लेड काढलं, शिवण उसवली आणि दोन बोटं कापड ऐटीत मोकळं केलं. "म्हटलं नव्हतं? वाढत्या अंगाला ठेवावं लागतं."

"म्हटलं होतंत. आता तेच ब्लेड तुमच्या पँटच्या कंबरेलाही लावा. सकाळपासून श्वास धरून उभे आहात."