विजयसिंहांचं सकाळचं चालणं

एक जानेवारीला सकाळच्या चहाला विजयसिंहांनी घरातल्या सगळ्यांसमोर जाहीर केलं, की या वर्षी आपण रोज पहाटे चालायला जाणार, आणि एकटेच जाणार. धाकटा भाऊ बजरंग बशीत चहा ओतत होता. त्यानं मान वर केली नाही, पण मनात पाल चुकचुकलीच.

विजयसिंह म्हणजे माजलगावजवळच्या त्या गावचे जुने पुढारी. पलीकडच्या गल्लीत तेरवीला जायचं तरी ड्रायव्हरला हाक मारणारा माणूस. नव्या वर्षाचे संकल्प त्यांनी याआधीही केले होते. साखर सोडायची, जेवताना फोन घ्यायचा नाही, असलं काहीबाही. ते संक्रांतीपर्यंत कसेबसे टिकत. यंदा मात्र संक्रांत गेली, तीळगूळ संपला, कडाक्याची थंडी पडली, तरी चालणं सुटेना. बजरंगचा संशय इथंच पक्का झाला.

झेडपीची निवडणूक तोंडावर आली होती. दिवाळीत विजयसिंह त्याला म्हणाले होते, यंदा तू उभा राहा, मी मागं थांबतो. त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नव्हता. आता भल्या पहाटे ते कुणाला भेटत असतील, या विचारानं बजरंगला घास गोड लागत नव्हता.

त्यात त्याच्या बायकोनं, वनमालानं, भर घातली. ती म्हणाली, चालून आलेला माणूस घामानं भिजतो, दादांचे तर केस पाण्यानं निथळत असतात. मग ट्रॅक्टरवरच्या सिदूनं आणखी एक बातमी आणली. दादांना त्यानं धर्मराजच्या मळ्यातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

धर्मराज हा विरोधी गटाचा. एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही घरांचं असं बिनसलं, की तेव्हापासून लग्नाच्या पत्रिकासुद्धा जात-येत नव्हत्या. वनमालानं लगेच हिशेब जुळवला. दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली असणार, आणि त्याआधी आंघोळ ही लागतेच. बजरंगला ते पटलं. त्याच संध्याकाळी त्यानं तालुक्याचे नेते सुंदरराव यांना फोन लावला. दादा आतून धर्मराजला मिळालेत, तिकीट द्यायचं तर मला द्या, असं सांगून टाकलं.

सुंदरराव थंडपणे म्हणाले, पुरावा आणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बजरंग भावाच्या मागं निघाला. धर्मराजच्या उसाला तोड लागली होती, अर्धं रान मोकळं झालं होतं. उभ्या उसाच्या कडेनं वाकून चालत तो विहिरीपर्यंत आला. मळ्यात माणूस नव्हतं. विहिरीतून मात्र धर्मराजचा आवाज येत होता.

"पाय मार. हाताचं मागून बघू."

बजरंगनं फोन काढून चित्रण चालू केलं आणि काठावरून डोकावला. खाली हिरव्या पाण्यात त्याचा थोरला भाऊ होता. पाठीला तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा दोरीनं करकचून बांधलेला. शेजारी धर्मराज त्यांच्या पोटाखाली हात धरून पोहत होता. विजयसिंह पाय आपटत होते, तोंडात पाणी जाऊन ठसकत होते.

"धर्मा, सोडू नको," ते म्हणाले. "सोडू नको बाबा."

या आवाजात बोलताना बजरंगनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्याचा फोनचा हात आपोआप खाली आला. तेवढ्यात पायाखालचा खडा सुटून पाण्यात पडला आणि दोघांनी वर पाहिलं.

विजयसिंह पायऱ्यांवर येऊन बसले. थंडीनं हुडहुडी भरली होती. धर्मराजनं त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि तो मोटर बघायला निघून गेला. बजरंग चार पायऱ्या उतरून उभा राहिला.

"सप्टेंबरात नदीला पाणी आलतं," विजयसिंह म्हणाले. "शेळ्या राखणारी भिवराबाई शेळ्यांसंगं पाण्यात झाडाला धरून उभी व्हती. माझंच नाव घेऊन हाका मारीत व्हती. मी काठावर फोन कानाला लावून उभा ऱ्हायलो. लोकायला वाटलं, मी साहेबाला बोलतोय. फोन बंद व्हता. मला पवताच येत न्हाई, बजरंग. धर्मा उतरला अन् तिला घेऊन आला. माझं त्याला सगळं कळलं व्हतं. पण त्यानं हे कुठंच काढलं न्हाई."

बजरंग आणखी एक पायरी खाली उतरला. मग त्यानं विचारलं, "मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुझ्या हातात काय हाय ते बघ की."

फोन अजून चालूच होता. बजरंगनं तो बंद केला, घरी येता येता चित्रण पुसून टाकलं आणि सुंदररावांना फोन केला. माझी चूक झाली, दादा तिथं पोहायला शिकायला जातात, असं त्यानं सांगितलं. सुंदरराव खूप हसले. पन्नाशी उलटलेला पुढारी थंडीत डबा बांधून विहिरीत उतरतो, हे तुम्हीच घरी बसून ठरवलं काय, असं त्यांनी विचारलं. आता दोघे भाऊ मिळूनच काहीतरी लपवतायत, अशी त्यांची खात्री झाली. बजरंग शपथा घेत गेला, तसा त्यांचा संशय वाढत गेला. तिकीट शेवटी खालच्या गावच्या युवराजला मिळालं.

विजयसिंहांना हे सगळं कळलं. ते रागावले नाहीत, पण बरेच दिवस जेवताना बजरंगशी बोललेही नाहीत. पहाटे मात्र जात राहिले. होळीच्या आसपास त्यांनी डबा सोडला आणि विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकट्यानं हात मारले. ही गोष्ट बजरंगला त्यांनी सांगितली नाही. ती सिदूकडून कळली.

पुढं एका पहाटे विजयसिंह त्याच्या खोलीच्या दारात थांबले.

"येतो का?" त्यांनी विचारलं.

बजरंग अंथरुणात उठून बसला. आजच कावून बोलवत असतील, हा विचार आधी आला. मग त्यानं खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि दोन पावलं मागं राहून त्यांच्याबरोबर चालायला लागला.