अण्णांची परराष्ट्रं

माझे वडील कोल्हापूर दरबारचे आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सल्लागार होते. त्यांच्या वाट्याला आलेली राष्ट्रं म्हणजे पूर्वेला सांगली-मिरज आणि दक्षिणेला निपाणी. निपाणी इंग्रजांची, सांगली-मिरज तिथल्या राजांची, म्हणजे सगळा परदेशच. माई निपाणीची. त्यामुळं आम्हां भावंडांचं आजोळ परदेशात, आणि दिवाळी झाली की माई परदेशातून चिवड्याचा डबा घेऊन यायची. नाक्यावर अण्णा स्वतः डबा उघडून दाखवायचे.

"ऱ्हाऊ द्या की सायेब, घरचंच हाय," नाकेदार म्हणायचा.

"घरचं नाही, निपाणीचं आहे," असं म्हणून अण्णा जकात भरायचे आणि पावती घ्यायचे.

सतरा वर्षं त्यांनी एकाच करारावर काढली. आमचा गूळ निपाणीला जाताना आणि त्यांची तंबाखू इकडं येताना किती जकात घ्यायची, एवढाच तो करार. गुळाची ढेप किती वजनाची धरायची यावरच तीन वर्षं गेली. शेवटी सत्तेचाळीसच्या जुलैत कागद तयार झाला आणि ऑगस्टात सही करणारे साहेब बोटीत बसून विलायतेला गेले.

पुढच्या मार्चात शिपाई ज्ञानू टेबल पुसता पुसता म्हणाला, "सायेब, सांगली बी मुंबई इलाख्यात गेली म्हनं. मिरज बी."

"फाइली बांधून ठेव."

"फीत तांबडी लावू का पांढरी?"

"देश संपला की कुठली लावतात ते नियमात नाही. सुतळी लाव."

आणि एकोणपन्नासच्या मार्चात आम्हीच गेलो.

मग मुंबईहून फॉर्म आला. दरबारच्या माणसांना नव्या सरकारात सामावून घेणार होते. ज्याचं काम तिकडच्या एखाद्या जागेशी जुळेल तो आत, बाकीचे घरी. अण्णांना अठ्ठेचाळीसावं वर्ष चालू होतं आणि माझे दोन धाकटे भाऊ अजून शाळेत होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म मी भरायला घेतला. नवव्या रकान्यात विचारलं होतं, कोणकोणत्या परराष्ट्रांशी व्यवहार केला.

"सांगली लिही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, सांगली भारतात आहे."

"आता आहे."

"परराष्ट्र म्हणून लिहिलं, तर मुंबईला वाटेल यांना स्वातंत्र्याचं कुणी कळवलंच नाही."

"आणि नाही लिहिलं, तर मी सतरा वर्षं काय केलं?"

माई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या चिवड्यावर जकात भरलीत. तेवढं तरी लिहा."

अण्णांनी निपाणी, सांगली, मिरज अशी तिन्ही नावं लिहायला लावली. खोटं लिहून मिळालेल्या खुर्चीत आपल्याला बसता यायचं नाही, म्हणाले.

मे महिन्यात मुंबईचे साहेब मुलाखतीला आले. कागदांचं बोचकं घेऊन मी आणि ज्ञानू बाहेर बाकावर बसलो होतो. उकाड्यामुळं दार उघडंच होतं. साहेब अण्णांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि स्वभावानं चांगले होते. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, तिथंच आमची पंचाईत झाली.

"मिरज," साहेब फॉर्म बघत म्हणाले. "मी मिरजेचाच. आई असते तिथं."

"मिरजेशी आमचे संबंध कायम सलोख्याचे राहिले," अण्णा म्हणाले.

ज्ञानूनं टोपी काढून तोंडावर धरली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "हे वर गेलं की लोक चेष्टा करतील हो तुमची. हुद्द्यातलं 'आंतरराष्ट्रीय' खोडा आणि 'स्थानिक' लिहा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. पुढची शिफारस मी करतो."

अण्णांनी टाक घेतला आणि नुसताच धरून बसले. मग मागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पट्टी मागितली, पट्टी लावून तो शब्द सरळ खोडला आणि बाजूला सही केली.

परतताना ज्ञानू म्हणाला, "लई झ्याक केलंसा सायेब. कोन इचारतंय आता."

पापाच्या तिकटीच्या चौकात आल्यावर अण्णा थांबले. म्हणाले, "पट्टी त्यांना परत दिली ना?"

ऑगस्टात उत्तर आलं. स्थानिक व्यापार हा नगरपालिकेचा विषय असल्यानं सरकारात तशी जागा नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराची एक जागा रिकामी होती, परंतु अर्जदारास तो अनुभव नसल्याचं त्यांनी स्वहस्ते केलेल्या दुरुस्तीवरून दिसतं. साहेबांनी शिफारस केली होती. तीही कळकळीची होती, आणि सोबत जोडलेली होती. सबब आपल्या दर्जाच्या, आपल्याच विषयाच्या अधिकाऱ्याकडं चार्ज देऊन मोकळं व्हावं, पेन्शनचे कागद त्यानंतर सुरू होतील.

त्या विषयाचा दुसरा अधिकारी कोल्हापुरात नव्हता. पहिलाही नव्हता, असं त्याच पत्रात म्हटलं होतं.

तेव्हापासून अण्णा रोज कचेरीत जातात. पगार नाही, पण चार्ज टाकून घरी बसणं हा गुन्हा आहे आणि ते नियम त्यांना पाठ आहेत. त्यांच्या खोलीत रेशनची कचेरी आली. कोपऱ्यातलं टेबल त्यांना ठेवलं, पुढं टेबलाचा एक खणही रेशनकडं गेला. कोडोलीहून, गडहिंग्लजहून माणसं येतात आणि विचारतात, "पावणं, साखरंचं हितंच काय?" अण्णा त्यांना डावीकडं जायला सांगतात. दोघांतल्या मोठ्या भावानं शाळा सोडली, तो आता मोटारींच्या कारखान्यात इंजिनं धुतो. घरी आला की अण्णा त्याच्या हातांकडं बघत नाहीत.

माझं लग्न होऊन मी गडहिंग्लजला गेले, तरी मुंबईला स्मरणपत्र धाडायचं म्हटलं की अक्षर माझंच लागतं. काल त्यासाठीच एसटीनं आले. हे त्रेपन्न साल, स्मरणपत्र एकोणिसावं. मायना लिहिला, विषय लिहिला, आणि अण्णांच्या हुद्द्यापाशी थांबले.

"इथं आंतरराष्ट्रीय लिहू की स्थानिक?"

अण्णांनी कागद जवळ ओढून बघितला.

"जागा सोड," ते म्हणाले. "त्यांना हवं ते भरतील."

मी चार बोटं जागा सोडली आणि पुढं लिहिलं, सल्लागार.