खिशातला फ्यूज

भाग्यश्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवता शिकवता ती टेबलाखाली मोबाइल बघायची, घरी भाजी परतता परतता बघायची, नवऱ्याने काही विचारलं की "हं" म्हणायची आणि पुन्हा बघायची. मोबाइलवर तेच ते. कॅम्प-१ वस्तीतल्या बाबांच्या घरात दिवे लागतात, पंखा फिरतो, सगळं झकास, पण नोंद कोरी. गेल्या रविवारी तिने सिस्टम अपग्रेड केली आणि तेव्हापासून डेटाबेसात एकही ओळ उतरली नव्हती.

आता ही नोंद म्हणजे काही गाजराची पुंगी नव्हती, की वाजली तर वाजली. तिच्यावर म्हाताऱ्याचं घर टिकून होतं.

म्हातारा म्हणजे रामाजी, भाग्यश्रीचे बाबा, कारखान्यातले रिटायर इलेक्ट्रिशियन. बायको गेल्यापासून एकटे राहत. हिवाळ्यात न्हाणीत घसरले, आणि हैदराबादचा धाकटा, गौरव, हटूनच बसला की बाबांना घेऊन जातो. बाबा म्हणाले, "मी घर सोडून कुठी येत नाई." शेवटी बहीणभावात ठरलं. भाग्यश्रीने दाराला, न्हाणीला, गॅसला, पंख्याला सेन्सर लावले. बाबा कधी उठले, गॅस बंद केला का, दार उघडं राहिलं का, ते सगळं घरातल्या एका छोट्या मशीनमध्ये आपोआप लिहिलं जायचं आणि गौरव तिकडे बसून वाचायचा. पावसाळाभर ठीक दिसलं तर बाबा इथेच. नाहीतर दिवाळीआधी हैदराबाद. आणि गौरव यायच्या तोंडावरच घोड्याने पेंड खाल्ली.

"ताई, लाइट चलते हैं, पंखा चलता है, फक्त लॉगच बंद?" गौरव फोनवर म्हणाला. "बाबा पडले असतील तर सांग ना. कावून लपवून राहिली?"

"काही लपवून नाही राहिली. अपग्रेडनंतर बिघडलंय."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'ने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर त्याच्या जागी ती असती, तर तिलाही संशय आलाच असता. याचाच तिला जास्त राग आला.

आठवडाभर तिने काय काय नाही केलं. मेमरी भरली का पाहिलं, पासवर्ड तपासला, मशीन पुन्हा पुन्हा सुरू केलं, इंटरनेटवर कुठल्या कुठल्या लोकांचे सल्ले वाचले. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेना. दुर्गला पद्मनाभपुरातल्या आपल्या घरी बसल्या जागी हे सुटायचं नाही, हे तिला कळलं तोवर पुन्हा रविवार आला आणि गौरवही आला.

ती लॅपटॉप घेऊन पोचली तेव्हा तो बाबांच्या खाटेवर बसला होता. परतीची दोन तिकिटं त्याने आधीच काढली होती. बाबा त्याच्याकडे पाठ करून चहा गाळत होते.

भाग्यश्रीने मशीनला लॅपटॉप जोडला आणि एरर वरून खालपर्यंत वाचली. अपग्रेडमध्ये डेटाबेस जुन्या साच्यातून नव्या साच्यात जात होता, आणि अर्ध्यातच मशीन धाडकन बंद पडलं होतं. त्या वेळी संपर्क तुटला तेव्हा तिला वाटलं होतं, काम संपून मशीन आपणच पुन्हा सुरू होतंय. तेव्हापासून तो धड जुना नाही, धड नवा नाही.

"बाबा, मागच्या रविवारी लाइट गेली होती का?"

"नाई," बाबा म्हणाले. "मी काढली होती."

"काढली?" भाग्यश्रीने विचारलं.

"तूच तं फोन केला, का घरच्या सिस्टमचं काम चालू करून राहिली, अर्धा तास कशाले हात लावू नका. मी फ्यूज काढून खिशात ठेवला. तू 'झालं' म्हटलं, तवा लावला."

गौरवने कपाळाला हात लावला. "ताई, देख लिया? हे ठीक आहे का? अशा माणसाला एकटं ठेवायचं?"

"काम चालू असताना करंट चालू ठेवत नाई बाप्पा," रामाजी शांतपणे म्हणाले. "नत्थू माह्या जोडीचा होता. त्याचा हात पॅनेलमधी, अन् कोणीतरी स्विच टाकला. तवापासून ज्याचं काम, त्यानं 'झालं' म्हटल्याबिगर मी फ्यूज खिशाबाहेर काढला नाई."

"पण मी दुर्गला होते बाबा. इथे नव्हतेच."

"मले माहीत होतं." त्यांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. "हात ऐकत नाई."

भाग्यश्रीला रडू आलं आणि संतापही आला. आठवडाभर ती जग धुंडाळत होती, आणि बिघाड बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मग मीच बिघाडलं," बाबा म्हणाले.

"जुनी कॉपी आहे माझ्याकडे. तीवरून पुन्हा अपग्रेड करते. मधले दिवस मात्र गेले."

"मी काय करू?"

"काहीच नका करू. फ्यूज काढू नका. बसा."

बसतील तर ते रामाजी कसले. काम सुरू झालं तसे ते उठले आणि मेन बोर्डासमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे, नजर बोर्डावर. दारातून शेजारची रीना म्हणाली, "काका, नळ आला." ते म्हणाले, "येतो. पोरीचं काम चालू हाये." गौरवने खुर्ची नेऊन ठेवली.

"बाबा, बसा ना."

"बसतो. ती म्हणू दे."

गौरव तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. भाग्यश्री पडद्यावर सरकणारी पट्टी बघत होती आणि मधून मधून त्या दोघांच्या पाठी.

"झालं, बाबा."

पडद्यावर पहिली ओळ उमटली: पंखा चालू. मग बाबा बसले. पोटऱ्या चोळत त्यांनी गौरवला विचारलं, "तुह्या फ्लॅटमधी मेन कुठी हाये?"

"तळघरात. कुलूप असते. सोसायटीचा माणूस बघतो."

"अन् घरात काम निघालं तं?"

"ॲपवर कंप्लेंट टाकतो."

रामाजींनी मान हलवली. "मंग तिथं मी काय करू रे?"

नत्थूकाका गौरवला आठवत नव्हते, पण लहानपणी तो कूलरची मोटर खोलून बसला की बाबा ड्यूटीवरून दमून आलेले असले तरी असेच बोर्डापाशी उभे राहायचे, हे आठवत होतं. त्याने मोबाइल काढला. भाग्यश्रीला वाटलं, लॉग बघतोय. तो एक तिकीट रद्द करत होता.

"ताई, हे अपग्रेड हैदराबादहून होते ना?"

"होते."

"पुढच्या वेळी मी करतो." मग बाबांकडे न बघताच तो म्हणाला, "मी फोन करीन, बाबा. काम होईपर्यंत तुमी इथं उभे राहा."

रामाजी नळावर जायला बादली उचलत होते. म्हणाले, "मी कुठी चाललो."