दुधाच्या टाकीतली बिअर

लाइते नावाच्या शेतघरातलं बिअर आंबवायचं लाकडी पिंप काही हिवाळे कोरडं पडून होतं. गुन्वोरने त्यात पाणी ओतलं, तर फळ्यांच्या फटींतून ते सगळं तळघराच्या फरशीवर आलं. फळ्या भिजून फुगतील म्हणून तिने पुन्हा पुन्हा पाणी भरून पाहिलं. फळ्या ढिम्म. तिचे वडील, तोरलाइफ, अंथरुणाला खिळल्यापासून या घरात बिअर झाली नव्हती, आणि वसंतात ते गेल्यावर तर पिंपाकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

नाताळ तोंडावर आला होता. त्या खोऱ्यात नाताळाची बिअर घरची नसली की लोक कीव करतात, आणि गुन्वोरला कुणी शिवी दिलेली चालेल पण कीव नको. शिवाय खरा घोर वेगळाच होता. घरचं यीस्ट, पणजोबांपासून चालत आलेलं विरजणच म्हणा ना, आता एका लाकडी कड्यावर वाळलेलं तेवढं उरलं होतं. बाकीच्या बरण्या बुरशीने खाल्ल्या होत्या. ही एक खेप नासली की लाइतेचं यीस्ट संपलं. मग बरणी घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं. तोरलाइफ जन्मात कधी कुणाच्या दारात बरणी घेऊन गेले नव्हते.

धाकटा भाऊ योस्टाइन बर्गन शहरातून आला तो गाडीत चकचकीत स्टीलचं भांडं घालूनच. निमुळतं बूड, घट्ट झाकण, नळ्या, दाब दाखवणारे काटे. स्वयंपाकघराच्या मधोमध ते उभं करून तो नवरदेवासारखा बाजूला उभा राहिला.

"बघ! हवेचा कण शिरायचा नाही आत. आणि खालचा नळ उघडला की यीस्ट आपोआप हातात."

"खालचं?"

"मग कुठलं?"

"खालचं बाबा फेकून द्यायचे, योस्टाइन. आपलं यीस्ट वर येतं. फेसावरून काढायचं असतं ते, वाडगाभर. या तोंडातून माझी मूठ तरी जाते का, सांग."

योस्टाइनने भांड्याचं तोंड पाहिलं, मग बहिणीची मूठ पाहिली. उभा जन्म गायी पिळलेली मूठ होती ती.

"जोर लावलास तर जाईल," तो म्हणाला.

"जाईल. बाहेर कोण काढणार?"

दोघंही हसले, पण त्याचा चेहरा जरा उतरलाच. हौसेने आणलं होतं बिचाऱ्याने.

एवढ्यात नदीपलीकडचा ओडविन आला. हा म्हातारा तोरलाइफचा जुना दोस्त, आणि बिअरच्या बाबतीत जुना वैरी. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची बिअर चाखली, नाकं मुरडली आणि पुढच्या नाताळाला पुन्हा चाखली. गळकं पिंप आणि चकचकीत भांडं बघून ओडविनच्या मिशा हलल्या.

"पोरी, बिअरला लाकूड लागतं. ही इस्पितळातली भांडी काय कामाची? माझ्याकडे जास्तीचं पिंप आहे. घेऊन जा."

"त्याच्या लाकडात तुमचं यीस्ट मुरलंय, ओडविन."

"मुरलंय तर मुरलंय! बिअर तर होईल?"

"होईल. पण तुमची होईल."

ओडविनने खांदे उडवले. "तोरलाइफचीच मुलगी," असं पुटपुटत तो दारातून बाहेर पडला. ते कौतुक होतं की टोमणा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी गुन्वोर गोठ्यात गेली. गायी विकल्यापासून ती तिकडे जाणं टाळायची. रिकामे खुंटे बघवायचे नाहीत. पलीकडच्या खोलीत दुधाची टाकी तशीच उभी होती. रुंद तोंडाची, जाड दुहेरी भिंतींची, तळाला तोटी. एवढ्या वर्षांत डेअरीने या टाकीतलं दूध एकदाही परत पाठवलं नव्हतं. भिंतीवर डेअरीने दिलेली मानाची पाटी धूळ खात होती. गुन्वोरने झाकण उचललं आणि काठावरून हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला. जी भिंत गारवा धरून ठेवते, ती ऊबही धरून ठेवेल, एवढा हिशेब तिला कुणी शिकवायला नको होता.

ती तिथूनच ओरडली, "योस्टाइन! भांडं मिळालं!"

तो धावत आला आणि टाकी बघून जागीच थबकला. "यात? अगं, दही लागेल!"

"माझ्या टाकीत? या टाकीत मी परवानगी दिल्याशिवाय काहीही लागलेलं नाही."

गोष्ट नदीपलीकडे पोचायला कितीसा वेळ लागतो? ओडविनने दुकानात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की लाइतेला यंदा बिअर नाही, ताक मिळणार. गुन्वोरच्या कानावर आलं ते. तिने ज्युनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्या घालून पाणी उकळलं आणि त्या कढत पाण्याने टाकी घासायला घेतली. घासली, धुतली, हुंगली, पुन्हा घासली. मनात धाकधूक होती, नाही असं नाही. पण हात मात्र आपलं काम ओळखत होते, आणि त्या हातांचा तिला अभिमान होता. का नसावा?

माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी टाकीत भरलं गेलं. योस्टाइन थर्मामीटर शोधायला गाडीकडे गेला. तोरलाइफचं माप एकच असायचं, यीस्ट घालताना पाणी धारोष्ण हवं. गुन्वोरने बोट बुडवलं. धारोष्ण म्हणजे काय, हे तिच्या बोटाला जितकं ठाऊक होतं तितकं तोरलाइफनाही नसेल. भाऊ परत येईपर्यंत तिने कड्यावरचं यीस्ट वाटीतल्या गोड पाण्यात जागं केलं होतं. वर चार बुडबुडे आले होते. जिवंत होतं.

आता आरोळी. यीस्ट घालताना टाकीत तोंड घालून आरोळी ठोकायची, ही तिथली रीत. हळू आवाजात घातलेलं यीस्ट आळशी निघतं म्हणतात. आरोळी घरातल्या पुरुषाने द्यायची, अशी वर आणखी एक रीत.

"तू दे," गुन्वोर म्हणाली.

"छे! मी बर्गनचा माणूस. शेजारी पोलीस बोलावतात एवढाच माझा अनुभव. टाकी तुझी, आरोळी तुझी."

गुन्वोरने वाटी ओतली, श्वास घेतला, आणि तोंड उघडलं. पण वडिलांसारखी गुरगुरती आरोळी काही आली नाही. आली ती हाक, उंच, लांबलचक, उन्हाळी कुरणावरून गायींना घरी बोलवायची. टाकीत ती घुमली, दारातून बाहेर पडली आणि डोंगरावर आपटून परत आली. योस्टाइन हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. गुन्वोरला मात्र शरम वाटली. आरोळी चुकली तर यीस्टही चुकेल, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

सकाळी तिने उबेसाठी टाकीवर घातलेली पांघरुणं बाजूला सारून झाकण उचललं. फेस काठाला टेकला होता, जाड, पिवळसर, संत्र्याच्या सालीसारखा वास सोडणारा. अगदी वडिलांच्या वेळचा वास. तिचा जीव भांड्यात पडला. वाडगा घेऊन तिने काठावरून हात घातला आणि ती यीस्ट काढू लागली. बरण्या भरल्या, नवं कडंही माखून वाळत टाकलं.

बिअर काढायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारी गोठ्यात जमले. तोटी उघडली. पहिला लाकडी पेला ओडविनच्या हातात गेला, कारण सर्वांत मोठी जीभ त्याचीच. त्याने घोट घेतला. दुसरा घोट घेतला. मग पेला रिकामाच केला.

"हाक ऐकली होती मी त्या दिवशी," तो म्हणाला. "म्हटलं, हिने गायी परत आणल्या की काय."

"आणि ताक कसं आहे?" योस्टाइनने विचारलं.

ओडविनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोटाच्या खिशात हात घालून त्याने एक रिकामी बरणी काढली आणि टाकीच्या काठावर ठेवली. ओडविन बरणी घेऊन आलेला या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता.

"माझं यंदा आंबट झालंय," तो खाली बघत म्हणाला. "लाकूडच घेऊन बसलो मी."

गुन्वोरच्या जिभेवर चांगले चार टोमणे तयार होते. तिने ते गिळले. बरणी उचलली, आपल्या यीस्टने काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावून त्याच्या हातात दिली.

"यीस्ट कुणाचं म्हणून कुणी विचारलं, तर सांगा हं," ती म्हणाली. "तोरलाइफचं आहे म्हणावं."

ओडविनने बरणी कोटाच्या आत, छातीशी धरली.

"तोरलाइफचं मी मेलो तरी घेतलं नसतं," तो म्हणाला. "गुन्वोरचं आहे म्हणून सांगेन."