डावीकडचं मागचं चाक

नेझूच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे बसच्या चाकाशी उकिडवं बसल्यावर कुसाकाबे तेत्सुरोला पुन्हा आठवलं. पत्र उन्हाळ्यात आलं होतं. ‘पत्र्याचे हंस’ हा त्यांचा जुना रॉक बँड पुन्हा वाजणार होता. नेझूने लिहिलं होतं, ‘ऐकणारे गुडघे धरून येतील, आपण कंबर धरून वाजवू. पण बास गिटार तुझीच हवी, तेत्सु. दुसऱ्या कुणाची माझ्या कानाला लागत नाही.’

कानाचीच तर गोष्ट होती. तरुणपणी वर्षानुवर्षं तेत्सुरो नेझूच्या ड्रम्सना खेटून उभा राहिला होता, डावा कान झांजांकडे करून. तो कान आता पार गेला होता. उजव्याला जाड, घुमणारे आवाज यायचे, बारीक धारदार आवाज मात्र येत नसत. हे नेझूला कसं लिहायचं? तुझ्या झांजांनी माझा कान नेला, असं? पत्र कपाटात हातमोज्यांखाली पडून राहिलं.

नागाओकाच्या बस डेपोतही हे कुणाला ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात बर्फावर न घसरणारी चाकं चढवली की पुढचे काही दिवस रोज प्रत्येक नटावर हातोडी मारून बघायची. घट्ट नट खणखणतो, सैल नट बद्द वाजतो. डावीकडचं मागचं चाक सगळ्यात दगाबाज; निखळतं ते बहुधा तेच. कान गेल्यापासून तेत्सुरो नटाच्या दुसऱ्या अंगाला उघडं बोट टेकवायचा आणि बोटात येणाऱ्या थरथरीवरून ओळखायचा. त्या बोटावर प्रवाशांचे जीव होते, आणि त्याची नोकरीही.

“अहो कुसाकाबेसान, आटपा की! आमच्या म्हाताऱ्या पोरी आल्यात,” होसाका किमिए त्याच्या उजव्या अंगाला येऊन म्हणाली. आजची बस तीच चालवणार होती. पन्नाशी उलटलेल्या बायकांनी बस ठरवली होती. नीगाताला, पत्र्याच्या हंसांच्याच कार्यक्रमाला. गळ्यात बँडच्या नावाचे टॉवेल, गुडघ्यांना पट्टे, कोटाच्या खिशात हात शेकायच्या गरम पुड्या. त्यांच्यातली एक त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. तोही हसला.

“हसताय काय? तुमच्या टकलाबद्दल बोलतायत त्या,” होसाका म्हणाली. “एके काळी या केसांवर जीव टाकायच्या म्हणे.”

“टाकू देत.”

“आणि तुम्ही का नाही हो वाजवत आज?”

“बोटं आखडलीत आता.” तो मान खाली घालून पुन्हा नटांकडे वळला. कानशिलं तापली होती. त्याने भराभर हातोडी मारली, तपासणीच्या कागदावर सही केली, आणि बस फाटकाबाहेर पडली. मागच्या काचेतून टॉवेल हलत होते.

चहाचा पेला उचलताना त्याला हात दिसले. होसाकाशी बोलताना चढवलेले हातमोजे तसेच होते, जाड, लोकरीचे.

शेवटचं चाक त्याने हातमोज्यांतच तपासलं होतं. म्हणजे तपासलंच नव्हतं.

असेल घट्ट, तो स्वतःशी म्हणाला. काल तर होतं. मग उठून त्याने बाजूच्या बसच्या नटावर हातमोज्यातलं बोट ठेवून हातोडी मारली. काही नाही. लाकडावर मारावी तसं. महामार्ग, ओला बर्फ, शेजारून जाणारे ट्रक, आणि वाटेत कुठेतरी गाणी गुणगुणणाऱ्या त्या बायका.

बस थांबवायची तर मोमोसेला सांगायला हवं होतं. डेपो त्याच्या हाताखाली. तो विचारणार, का? तेत्सुरो दारापर्यंत गेला, परतला, पुन्हा गेला.

“मोमोसेसान, होसाकाची बस थांबवा.”

“का? काय झालं?”

“मागचं डावं चाक. मला हातोडी ऐकू येत नाही. बोटाने बघतो, आज हातमोजे होते.”

“ऐकू येत नाही म्हणजे? कधीपासून?”

“आधी थांबवा हो! मग काय ते बोला मला!”

इतक्या मोठ्याने तो डेपोत कधी बोलला नव्हता. मोमोसेने निरोप दिला. मग वाट बघणं आलं. खिडकीबाहेर कापलेल्या भातशेतात हंस उतरले होते. चोची उघडमिट होत होत्या, आवाज नव्हता. रुग्णवाहिकेचा भोंगा तरी आपल्याला ऐकू येईल का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

फोन वाजला असावा, कारण मोमोसेने तो उचलून त्याच्या उजव्या कानाशी धरला.

“विश्रांतीच्या थांब्यावर उभी आहे,” होसाका म्हणाली. “सगळे नट मी स्वतः ठोकून बघितले. घट्ट आहेत. काय खणखणतायत! थांबा, फोन जवळ नेते. आलं ऐकू?”

त्याने डोळे मिटले. शांतता होती.

“नाही हो,” तो म्हणाला. “मला नाही येत ऐकू.”

“बरं,” ती म्हणाली, “बोट लावूनही बघते. धरा हं.” थोड्या वेळाने म्हणाली, “घट्ट आहेत, कुसाकाबेसान. पार खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. बायका विचारतायत, नेझूला काही निरोप द्यायचा का?”

“नको. मी लिहितो त्याला.”

मोमोसेने त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि खिळ्याला अडकवली. “उद्यापासून गाड्यांच्या धुलाईकडे ये,” तो म्हणाला, आणि लक्षात आल्यासारखा उजवीकडे येऊन पुन्हा म्हणाला.

पत्र त्याने डेपोतच लिहिलं. ‘नेझू, उशीर झाला. डावा कान तुझ्या बाजूचा होता, तो तिकडेच राहिला. राग नाही. बास माझ्याने होणार नाही. पण वसंतात पुन्हा वाजवणार असाल तर येईन. खुर्ची ड्रम्सजवळ ठेव. जमिनीतून येतं ते मला अजून कळतं.’

फाटकापाशी पत्रपेटीवर बर्फाची टोपी चढली होती. पाकीट फटीत अर्धं सरकवून तो थांबला. मग हातमोजा दातांनी ओढून काढला, उघडं बोट पेटीच्या गार लाल पत्र्यावर टेकवलं, आणि पाकीट सोडलं.