चेंडूचा पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा, असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण गळा कसा असतो हेच मला ठाऊक नाही. अंगावर ओरखडा नाही, बक्कल चकचकीत, भोकं पाडली तशीच्या तशी. बघणारे म्हणतात, वा, किती जपून वापरलाय! अहो, वापरलाय कुठे? तेच तर सांगायला बसलोय.

माझा जन्म बॅगा दुरुस्त करायच्या एका दुकानात झाला. पुढे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. दुकानदाराला सगळे उस्ताद म्हणतात आणि त्यांच्या बायकोला आख्खी गल्ली काकू म्हणते. पूर्वी त्यांच्याकडे एक कुत्रा होता. दिवसभर गादीवर लोळायचा, म्हणून त्याचं नाव शेठ. हे मी ऐकीव सांगतोय, माझ्या जन्माआधीच शेठ गेला. सकाळ-संध्याकाळ काकू त्याला फिरवायला न्यायच्या. पट्टा बांधला की आत दोन बोटं सरकवून बघायच्या, काचत तर नाही ना. मग दाराबाहेर पडायच्या ते गल्लीभर गप्पा हाणूनच परत यायच्या.

शेठ गेला आणि काकूंनी उंबरा ओलांडणं सोडलं. चहा समोर ठेवला तर गार होईपर्यंत बघत बसायच्या. एकदा उस्तादांनी मुद्दाम मळके हात त्यांच्या पांढऱ्या टॉवेलला पुसले, निदान खेकसेल तरी म्हणून. काकू काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र उस्ताद घाबरले. मूल ना बाळ, दोघंच दोघं, आणि त्यातलं एक असं विझत चाललेलं. हिला परत उठवायचं, बाकी मला काही नको, असं ते दुकानात एकटेच पुटपुटायचे.

आणि एके दिवशी मोबाइलवर ती जाहिरात आली. तपकिरी पिल्लू, अंगाचं मुटकुळं करून भांड्याशेजारी झोपलेलं, एक कान उभा, एक पडलेला. मालक म्हणे परदेशी निघालेत, पिल्लू फुकट, फक्त पाठवणीचा खर्च द्यायचा.

उस्तादांनी फोन काकूंपुढे धरला. काकूंनी चष्मा शोधला. "अगंबाई, कान बघा हो याचा! आणि झोपलाय कसा, चेंडू नुसता!"

झालं, नाव ठरलं. दुसऱ्याच दिवशी काकू स्वतः चपला घालून बाजारात गेल्या आणि भांडं घेऊन आल्या. उस्ताद दारात उभे राहून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते. तेवढ्यासाठी त्या माणसाने काय मागाल ते दिलं असतं. फोनच्या पलीकडच्यांना नेमकं हेच हवं होतं.

माझी तयारी सुरू झाली. उस्तादांनी ठेवणीतलं मऊ चामडं काढलं आणि विक्रेत्याला मेसेज करून पिल्लाच्या मानेचं माप विचारलं. उत्तर आलं, चौदा इंच.

उस्तादांची कात्री थांबली. "अगं, दोन महिन्यांचं पिल्लू आणि चौदा इंच? मान आहे की वासराचा गळा?"

"घाईत मोजलं असेल हो. तुमचं आपलं काहीतरीच!"

आयुष्यभर मापं घेतलेले हात ते. त्यांना कळलं होतं. पण आतून काकूंचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि उस्तादांनी हातांचं ऐकलं नाही. मला चौदा इंच लांब कापलं, वर पिल्लाला बसेल इतक्या आत जास्तीची भोकं पाडली. पितळी पट्टीवर एकेक अक्षर ठोकून नाव घातलं, चेंडू. त्या दिवसापासून मी त्यांच्या खिशात असायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे ना!

मग पैशांचं आलं. विक्रेता म्हणाला, माझं बँक खातं बंद करतोय, त्यात टाकू नका. खरेदीसाठी मिळतं ते गिफ्ट कार्ड दुकानातून घ्या, मागची पट्टी खरवडा आणि नंबरचा फोटो पाठवा. वर हेही म्हणाला, दुकानात विचारलं तर वाढदिवसाची भेट आहे म्हणून सांगा, उगाच चौकशा करत बसतात.

आता तुम्हीच बघा, ज्याचा व्यवहार सरळ आहे तो गिऱ्हाइकाला खोटं बोलायला कशाला शिकवेल? पण गरजवंताच्या डोक्यात हे शिरत नाही.

नाक्यावरच्या मोठ्या दुकानात कॅशवर एक मुलगी बसते. तिने हसून विचारलं, "काका, कोणासाठी घेताय?"

"वाढदिवस आहे," उस्ताद म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही, छाती अशी धडधडत होती की खिशात मला हादरे बसत होते. ती बिचारी खूश. तिने कार्ड रंगीत पाकिटात घालून वर रिबीन बांधून दिली. घरी येऊन उस्तादांनी ज्या आरीने माझी भोकं पाडली त्याच आरीने कार्डामागची पट्टी खरवडली. नंबरचा फोटो पाठवला. काकूंनी भांडं घासून पुसून दारापाशी ठेवलं.

चेंडू काही आला नाही, दुसरी मागणी आली. पिंजरा खास लागतो म्हणे, पोचलं की पैसे परत. पुन्हा कार्ड, पुन्हा वाढदिवस. त्यानंतर विम्याचं निघालं, आणि हा मेसेज काकूंनी वाचला. पिल्लू विमानतळाच्या गोदामात अडकलंय, सकाळपासून पोटात काही नाही, आज कार्ड आलं नाही तर आमची जबाबदारी नाही.

उस्तादांनी हळूच लिहिलं, व्हिडिओ कॉल करून दाखवा. रेंज नाही म्हणाले. आत्ताचा फोटो पाठवा म्हटलं, तर तोच जुना फोटो परत आला. तोच कान उभा, तेच भांडं. उस्तादांनी काकूंना न दाखवता फोन पालथा ठेवला.

"अहो, बसलाय काय?" काकू रडकुंडीला आल्या होत्या. "लेकरू उपाशी आहे तिकडे! जा ना, आणा ना कार्ड!"

उस्ताद उठले. रस्ताभर खिशावर हात, म्हणजे माझ्यावर.

कॅशवरच्या मुलीने या वेळी कार्ड पुढे केलं नाही. "काका, रागावू नका. दर वेळी वाढदिवस? नक्की कोणाचा?"

उस्तादांनी मला खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. "याचा."

तिने नाव वाचलं. मागची रांग दुसऱ्या काउंटरवर पाठवली, उस्तादांना स्टुलावर बसवलं आणि खालच्या आवाजात विचारत विचारत सगळं काढून घेतलं. "काका, हे कार्ड म्हणजे रोख पैसे. नंबर ज्याच्या हातात गेला त्याने ते केव्हाच उडवले असणार. खरा विकणारा असं कार्डावर पैसे मागत नाही. तुमच्याकडे पावत्या आहेत ना? कार्डवाल्यांना आत्ता फोन लावू, मग पोलिसांत तक्रार देऊ. पण हे तिसरं मी तुम्हाला देणार नाही."

"मला कळलंय गं पोरी," उस्ताद म्हणाले. "चौदा इंच म्हणाले तेव्हाच हातांना कळलं होतं. तरी पण दे. मी घरी जाऊन तिला काय सांगू?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कार्ड तिने दिलं नाही. फोन लावला. दोन्ही कार्डांत छदाम उरला नव्हता. पोलिसांनी तक्रार तेवढी लिहून घेतली.

घरी काकू दारातच उभ्या. "भरले ना पैसे? जेवला का तो?"

उस्तादांनी सांगितलं. सगळं, एका दमात, मान खाली घालून. काकू उसळल्या. "खोटं! पैसे सोडवत नाहीत म्हणून सांगताय! तुमच्या चिक्कूपणापायी मरेल ते!" इतक्या दिवसांनी त्या नवऱ्यावर ओरडल्या, आणि तेही असं.

फोन हिसकावून त्यांनी स्वतः मेसेज केला. पैसे देते, सगळे देते, आधी त्याला घोटभर दूध पाजा.

उत्तर लगेच आलं. आधी कार्ड पाठवा.

काकूंनी पुन्हा लिहिलं, हात जोडते, दूध पाजा.

कार्ड पाठवा.

काकू किती तरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत होत्या. ज्याच्यासमोर भुकेलं पिल्लू आहे तो असं लिहीत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. फोन ठेवून त्या भांड्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "फोटोतलं पिल्लू तरी खरं आहे ना?"

"आहे की," उस्ताद शेजारी टेकत म्हणाले. "कोणीतरी आपल्या घरातल्या पिल्लाचा फोटो काढला, तो या चोरांनी ढापला. बघ ना, पोट भरून झोपलंय. त्याचं त्याच्या घरी छान चाललंय."

"मग बरं," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. उस्तादही रडले. मी खिशातच होतो, मला काय करता येणार होतं?

आता मी दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. गिऱ्हाईक किंमत विचारतं तेव्हा उस्ताद म्हणतात, विकायचा नाही, पण बसा, याची गोष्ट ऐका. आणि लाज गिळून सगळं सांगतात. तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. वस्तू असो की जीव, विकणारा गिफ्ट कार्डाचा नंबर मागायला लागला की तिथेच थांबा. घाई करायला लावेल, गयावया करायला लावेल, तरी थांबा. तुमच्या हातांना काही कळलं असेल तर त्यांचं ऐका. आणि फसलाच असाल तर घरच्यांपासून लपवू नका हो, लपवल्याने दुखणं वाढतंच.

काकू बाहेर पडत नाहीत. दुसरं पिल्लू आणूया म्हटलं की नको म्हणतात. भांडं माळ्यावर गेलंय. पण कधीकधी दुपारी उस्तादांचा डोळा लागला की पडदा सरकतो. काकू मला खिळ्यावरून काढतात, मांडीवर घेऊन तेलाचं बोट फिरवतात. मग सगळ्यात आतल्या भोकात बक्कल लावतात आणि माझ्या रिकाम्या गोलात दोन बोटं सरकवून बघतात, काचत तर नाही ना.