खडकीचा चिखल

कोंबाच्या टोकाला बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं, लहान मुलाच्या डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी असावी तसं, आणि त्या कोंबाखाली, त्याच्या निम्म्या उंचीवर, पेशव्यांचा एक घोडेस्वार तलवार उपसून उभा होता. शरच्चंद्रांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा अगदी जवळ नेला. स्वार घोड्यासकट सव्वा इंच; अळीव अडीच इंच. दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं पेरतात तसंच त्यांनी फळीवरच्या रणभूमीवर पेरलं होतं, प्रदर्शनाच्या दिवशी मखमलीसारखी हिरवळ दिसावी म्हणून... पण किल्ल्यावर मावळे मोजके असतात. इथे सगळी फौजच्या फौज अळिवात बुडाली होती.

"कोशिंबिरीपुरतं झालंय," कुसुमताई बाल्कनीच्या दारातून म्हणाल्या. "तेवढे इंग्रज काढून घ्या म्हणजे झालं."

शरच्चंद्रांनी कात्री उचलली. बायकोच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नसतं हे त्यांना पहिल्या दिवाळसणापासून ठाऊक होतं, आणि शिवाय घाबरण्यासारखं होतंच काय? कात्री होती, दुपार अख्खी पडली होती. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग बोर्डावर ज्या हाताने रेघ कधी हलू दिली नाही, त्या हाताला अळिवाची हजामत जड जाणार? पुढे संगणक आले, बोर्ड गेले, स्वेच्छानिवृत्तीचा कागद समोर आला – त्यात स्वेच्छा कुणाची हे विचारायचं नसतं – पण हात होता तसाच राहिला. मराठी स्वार कुठे विकत मिळत नाहीत, म्हणून परदेशी प्लास्टिकच्या स्वारांच्या टोप्या कापून एम-सीलच्या पगड्या त्याच हाताने बसवल्या. दोनशे चौदा पगड्या. एकीचाही तुरा वाकडा नाही.

लढाई खडकीची, अठराशे सतरातली. मराठ्यांचं घोडदळ चौखूर सुटलं आणि मधल्या दलदलीत रुतलं. ती कुणाच्या नजरेलाच आली नव्हती. उद्या शाळेच्या सभागृहात, लोकांसमोर, हाच डाव फाशांवर पुन्हा खेळायचा होता. दलदल कुठे आहे हे फक्त पंचाला माहीत. जागेचा नकाशा बंद पाकिटात, घोडे तिथे गेले की पाकीट फोडायचं आणि स्वारांनी दोन डाव अडकून बसायचं. पंच शरच्चंद्र. आणि मराठ्यांच्या बाजूने खेळणार होती अस्मिता, त्यांची मुलगी. पंधरा वर्षांनी.

पंधरा वर्षं... तेव्हा ती शाळेत होती, जेवणाच्या टेबलावर खेळायची. तिचे घोडे दलदलीकडे वळले की हे खोकायचे. हळूच, सहज, घशात काही अडकल्यासारखं. ती घोडे फिरवायची, जिंकायची, टाळ्या पिटायची. आणि मग एकदा तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही फौजा हाताने सपाट केल्या, म्हणाली, "मी एकदाही जिंकले नाही," आणि पुन्हा कधी टेबलापाशी आली नाही. मी काय वाईट केलं होतं? मुलगी चिखलात जाताना बाप गप्प बसेल?

गेल्या महिन्यात तिने हिंजवडीतली नोकरी सोडली. मैत्रिणीबरोबर स्वतःची कंपनी काढणार, वारज्यात दोन खोल्यांत. शरच्चंद्रांनी तोंड उघडलं मात्र, ती म्हणाली, "बाबा, खोकू नका." मग जाता जाता तीच म्हणाली, "रविवारी मी खेळते. पण खोकायचं नाही. एकदाही."

नाही खोकणार. त्यात काय अवघड आहे?

कात्री भराभर चालत होती. डावी बाजू झाली, मधला भाग आला, आणि हात आपोआप खाली उतरला, अगदी मातीलगत कापू लागला. तिथला खोलगटपणा उघडा पडला. अस्मिताची नजर म्हणजे माझीच नजर, एका क्षणात ओळखेल... शरच्चंद्र थबकले. पाकिटातली जागा हीच. म्हणजे तोंड बंद ठेवून त्यांनी कात्रीने खोकून घेतलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. आजूबाजूचा अळीव चिमटीने उपटून त्यांनी तो खळगा झाकला, आणि उजव्या बाजूला वळले. ही बाजू निर्धोक. कोरडी, सपाट. इथून घोडे गेले तर डाव तिचाच.

बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

त्यांनी बोट बाहेर काढलं, पुन्हा घातलं. लगदा. तीन स्वार कलले होते, त्यांच्या घोड्यांचे पाय मातीत गेले होते. बाल्कनीला मोरीकडे उतार. चार दिवस सकाळ-संध्याकाळ शिंपडलेलं सगळं पाणी वाहत जाऊन इथे मुरलं होतं. आणि त्यांनी बेतून, कोरून केलेली दलदल? ठणठणीत कोरडी. उद्या खोकलो असतो तर पोरीला नेमकं इथे आणून घातलं असतं – हा विचार आला आणि ते स्टुलावर बसले. मग पंधरा वर्षांपूर्वी...? आणि वारजे...? खिशातलं पाकीट त्यांनी बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं, न फोडता परत ठेवलं.

बेल वाजली. अस्मिता आली होती, खाली टेम्पो उभा करून.

"सुरेख झालंय हो, बाबा!" ती फळीवर वाकली. शरच्चंद्रांनी तिची नजर कुठे फिरते ते पाहिलं नाही, मुद्दाम. "चिखल कुठे ते सांगणार नाही आहात ना?"

"मलाच माहीत नाही."

"ही नवीन युक्ती वाटतं?" ती हसली आणि तिने उजवा कोपरा धरला; डावी बाजू त्यांनी धरली. फळी उचलताच कोपऱ्यातून पाण्याचा ओघळ तिच्या मनगटावरून बाहीत गेला. तिने नुसता हात झटकला आणि पकड बदलली.

शरच्चंद्रांच्या घशाशी खोकला आला. समोर फळी उचलून ती उलट्या पावलांनी दाराकडे निघाली होती, मागे न बघता. दोघांमध्ये दोनशे चौदा पगड्या अळिवातून हलत होत्या, आणि त्यांना आयुष्यात प्रथमच ही लढाई अजून झालेलीच नाही असं वाटलं. त्यांनी खोकला गिळला, आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवत ते पुढे चालू लागले.